मानेतली सुई आणि मनातली धडकी

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, अमेरिकेत म्हणे मानेत एक इंजेक्शन देतात आणि बलात्काराची, मारहाणीची मनात बसलेली भीती जाते. खरं का हे? आपल्या बायकांना मिळेल का?" कुणाला मोबाईलवर व्हिडिओ आला होता, कुणाला परदेशातल्या भावाने कळवलं होतं. फोनवर मी प्रत्येकीला थोडं थोडं सांगितलं. पण हा प्रश्न केंद्राकेंद्रांवर येणार आहे, म्हणून आज सविस्तर बोलू या.

मी तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटच्या डोक्याशी बसणारी, जिचं नाव नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही, ती डॉक्टर. निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस समुपदेशन केंद्रात बसते. त्यामुळे सुईची बाजू मला माहीत आहे आणि बाईची बाजू ऐकायला मिळते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तरी या इंजेक्शनबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे, कारण मानेतलं हे इंजेक्शन भूलतज्ज्ञ फार पूर्वीपासून देत आलेत. मीही दिलंय, हाताच्या जुनाट, आग होणाऱ्या दुखण्यासाठी.

आधी त्रासाबद्दल बोलू.

आपल्याकडे येणारी बाई "मला पीटीएसडी झालाय" असं सांगत नाही. ती सांगते, "दारात मोटरसायकल थांबली की माझे हातपाय गार पडतात." "कुकरची शिट्टी झाली तरी दचकते." "रात्री तेच परत होतंय असं वाटून उठून बसते." "त्या रस्त्याने जातच नाही." "पोरं जवळ आली तरी माया वाटत नाही, अंग सुन्न असतं." डॉक्टरी पुस्तकात याचे चार गट केलेत: घडलेलं पुन्हा पुन्हा जिवंत होणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं, विचार आणि भावना काळवंडणं, आणि शरीर सतत सावध राहणं. हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं आणि रोजचं जगणं त्याने अडलं, तर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी.

या नावाचा इतिहास आपण बायकांनी माहीत करून घ्यायला हवा. बाई घाबरली, थरथरली, बेशुद्ध पडली की तिला हिस्टेरिया म्हणायचे. त्या शब्दाचं मूळ गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. आमच्या गावाकडे बाधा म्हणायचे, अंगात आलं म्हणायचे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना हेच व्हायला लागलं तेव्हा मात्र डॉक्टरांनी तोफगोळ्यांकडे बोट दाखवलं. १९७४ साली अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी दवाखान्यात अ‍ॅन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ, या दोघींनी बलात्कारानंतर दवाखान्यात आलेल्या स्त्रियांशी बोलून त्यांची लक्षणं नोंदवली. पण पीटीएसडी हे नाव अधिकृत पुस्तकात आलं १९८० साली, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. त्या व्याख्येत एक अट होती: घटना सर्वसामान्य माणसाच्या अनुभवापलीकडची हवी. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात यावर नेमकं बोट ठेवलं. बलात्कार आणि घरातली मारहाण इतक्या स्त्रियांच्या वाट्याला येते की तिला अनुभवापलीकडची म्हणायचं तरी कसं? १९९४ च्या आवृत्तीत ती अट गेली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्या स्त्रिया १०.४ टक्के निघाल्या आणि पुरुष ५ टक्के. बलात्कार हाच आयुष्यातला सर्वांत मोठा आघात म्हणून सांगणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना हा त्रास झालेला होता.

म्हणजे नाव सैनिकांमुळे मिळालं, पण त्रास भोगणाऱ्यांत बायका दुपटीने जास्त.

आता शरीरात काय होतं ते पाहू. आपल्या इच्छेवाचून काम करणारी एक चेतासंस्था आपल्या शरीरात असते. छातीची धडधड, घाम, डोळ्याची बाहुली मोठी होणं, हातपाय गार पडणं ही तिची कामं. संकट आलं की ती भोंगा वाजवते: लढ किंवा पळ. आणि दोन्ही शक्य नसेल तर कित्येकदा अंग गोठतं. हे गोठणं न समजल्याची किंमत आपण मोजली आहे. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं त्या निकालात होतं. त्या निकालाविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलावा लागला. म्हणून सांगते, चेतासंस्था कशी चालते हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. कोर्टात उभ्या राहणाऱ्या आपल्या प्रत्येकीला तो कळला पाहिजे.

पीटीएसडी झालेल्या बाईच्या शरीरात हा भोंगा संकट टळलं तरी बंद होत नाही. कारण नसताना वाजतो. हे इंजेक्शन म्हणजे त्या भोंग्याच्या तारेला काही तास बधिर करण्याचा प्रयत्न.

मानेच्या खालच्या भागात, पहिल्या बरगडीजवळ, या चेतासंस्थेच्या पेशींचा एक छोटा गोळका असतो. दोन्ही बाजूंना एकेक. आकार चांदणीसारखा, म्हणून त्याला स्टेलेट गँगलियन म्हणतात. डोकं, मान, हात आणि हृदय यांच्याकडे जाणारे संदेश तिथून जातात. पेशंटला उताणं झोपवून, मान थोडी मागे करून, सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर बारीक सुई घालतात आणि बधिर करणारं औषध सोडतात. या कामासाठी ते बहुतेक वेळा उजव्या बाजूला देतात. औषध नवं नाही. तुमच्यापैकी ज्यांचं सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झालं असेल, त्यांना बहुधा बुपिव्हाकेनच दिलेलं असणार. इथेही तेच किंवा त्याच्या जातीचं दुसरं वापरतात. सुई लागायला काही मिनिटं पुरतात. सुई बरोबर लागली की त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली लहान होते, डोळा लाल होतो. काही तासांत ते उतरतं.

भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन १९२० च्या दशकापासून देत आलेत, दुखण्यासाठी आणि हाताच्या रक्तपुरवठ्यासाठी. मनाच्या जखमेपर्यंत ते पोचलं कसं, त्याची वाट बायकांच्या दुखण्यावरूनच जाते. शिकागोतले भूलतज्ज्ञ युजीन लिपोव्ह हे पाळीच्या उतारवयातले गरम झोत, म्हणजे अंगातून अचानक वाफा निघतात ना, त्यासाठी हे इंजेक्शन वापरून पाहत होते. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या १३ स्त्रियांवर केलेलं त्यांचं छोटं काम २००८ साली प्रसिद्ध झालं. या स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या देणं धोक्याचं असतं, म्हणून दुसरा मार्ग शोधायचा होता. त्याच वर्षी त्यांनी पीटीएसडीच्या एका पेशंटचा अहवाल छापला, इंजेक्शननंतर त्याची धास्ती कमी झाल्याचा. तिथून अमेरिकन सैन्याच्या दवाखान्यांत ते झपाट्याने पसरलं.

ते का चालत असावं, याचे अंदाज आहेत. मेंदूतल्या भीतीच्या केंद्राला जाणारे संदेश काही काळ थांबले की केंद्र पुन्हा शांत पातळीवर येत असावं, असा एक अंदाज. औषध काही तासांत उतरतं. मग परिणाम आठवडे कसा टिकतो याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण नुसतं 'का' माहीत नाही म्हणून उपचार मोडीत काढू नये. आम्ही भूलवाले तर असं म्हणूच शकत नाही, कारण पूर्ण भुलीत माणूस नेमका बेशुद्ध का होतो हेही अजून सगळं उलगडलेलं नाही. खरा प्रश्न असा: उपयोग होतो का?

यासाठी नीट केलेले दोन प्रयोग ध्यानात ठेवा. नीट म्हणजे कसे? काहींना खरं इंजेक्शन, काहींना खोटं, म्हणजे मानेत नुसतं सलाईन. कुणाला काय दिलं ते पेशंटला माहीत नाही. पहिला प्रयोग अमेरिकन नौदलाच्या सॅन दिएगोच्या दवाखान्यातला, २०१६ साली छापला गेला. माणसं ४२. खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनमध्ये फरक दिसला नाही. दुसरा मोठा, २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. अमेरिकन सैन्याच्या तीन दवाखान्यांत ११३ जणांना दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली. आठ आठवड्यांनी मोजलं. त्रास मोजायची मोजपट्टी ० ते ८० गुणांची असते. खरं इंजेक्शन मिळालेल्यांचा त्रास सरासरी १२.६ गुणांनी उतरला, खोटं मिळालेल्यांचा ६.१ गुणांनी.

यातून काय घ्यायचं? एक, फायदा झाला. दोन, तो मध्यम आहे. भीती नाहीशी झाली असं कुणी मोजलेलं नाही. तीन, खोट्या सुईनेही थोडं बरं वाटलं. चार, मोजणी आठ आठवड्यांपर्यंतची आहे. आणि एक तांत्रिक अडचण: खऱ्या सुईने पापणी पडते. आरशात पाहिलं की कळतंच आपल्याला कोणती मिळाली. मग 'माहीत नाही' ही अट पूर्ण पाळली गेली असं म्हणता येत नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्याने २०२३ साली उपचारांची मार्गदर्शिका काढली, तिच्यात या इंजेक्शनच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलंय. ज्यांच्या सैनिकांवर प्रयोग झाले तेच थांबून पाहा म्हणताहेत.

आता आपल्या बाजूचा प्रश्न. त्या ११३ जणांत स्त्रिया किती होत्या? १३. शंभर पुरुष होते. सगळे नोकरीतले सैनिक. आपल्या केंद्रात येणारी बाई त्या यादीत कुठे आहे? लहानपणापासून घरातल्याच माणसाने छळलेली, पंधरा वर्षं मार खाल्लेली, पदरी दोन पोरं, भाड्याची खोली. तिच्या शरीरात हे इंजेक्शन तसंच काम करील का, याचं उत्तर त्या आकड्यांत सापडत नाही.

गंमत बघा. पीटीएसडीसाठी आज जे बोलण्याचे उपचार सर्वांत भरवशाचे मानतात, त्यांतले दोन बलात्कारातून गेलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना घडले. एडना फोआ यांनी १९९० च्या आसपास बांधलेली भीतीला हळूहळू सामोरं जाण्याची पद्धत, आणि पॅट्रिशिया रेसिक यांची, 'माझीच चूक' हा विचार तपासून पाहण्याची पद्धत. नंतर त्या सैनिकांना लागू केल्या. बायकांच्या दुःखातून शिकलेलं सैनिकांना मिळालं, ठीकच झालं. पण उलट्या दिशेने येताना, सैनिकांवर पाहिलेलं बायकांवर वापरताना, पुन्हा बायकांवर तपासून पाहायला नको का?

तीन गोष्टी विशेष सांगायच्या आहेत. शिबिर संपल्यावर बाकी विसरलात तरी चालेल, या लक्षात ठेवा.

पहिली. पीटीएसडीतल्या 'पी'चा अर्थ 'नंतर'. आघात संपल्यानंतर. ज्या बाईचा नवरा आज रात्री पुन्हा मारणार आहे, तिचा भोंगा बिघडलेला नाही. तो बरोबर वाजतोय. दारातल्या मोटरसायकलचा आवाज ओळखणं हेच तिचं संरक्षण आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, २००५ च्या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश हवा, हातात चार पैसे हवेत. हे न देता तिची धास्ती तेवढी बधिर केली, तर घराला आग लागलेली असताना घंटेची तार कापल्यासारखं होईल.

दुसरी. सुई कुठे देतात? गळ्याशी. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा गळा आवळलेला असतो. "उताणी झोप, मान मागे कर, हलू नको, बोलू नको, गिळू नको," असं अनोळखी माणूस सांगतो आणि गळ्यावर हात ठेवतो. ऑपरेशनच्या टेबलावर मी बायका अशा घाबरलेल्या पाहिल्यात की त्यांचं ब्लडप्रेशर पाहून आम्हीच घाबरायचो. आणि सुईनंतर काही तास आवाज घोगरा होतो, घास गिळायला जड जातं, हात जड पडू शकतो, एक पापणी खाली आलेली असते. आधी सांगितलेलं नसेल तर त्या बाईला वाटेल, मला काहीतरी करून टाकलं. म्हणून कोणतीही सुई टोचण्याआधी तिला हे सगळं तिच्या भाषेत सांगायला हवं, तिने हात वर केला की थांबायचं असं ठरवायला हवं, आणि तिच्या विश्वासाची बाई शेजारी हवी.

धोकेही सांगते. सोनोग्राफीमुळे ते कमी झालेत, पण संपलेले नाहीत. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. औषध चुकून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गेलं तर टेबलावरच झटके येतात. रक्त साकळून गाठ झाली तर श्वासनलिकेवर दाब येतो. फुप्फुसाला सुई लागू शकते. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कधीही देत नाहीत, कारण दोन्हीकडच्या स्वरयंत्राच्या नसा बधिर झाल्या तर श्वास अडतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायला हवं. ऑक्सिजन, मॉनिटर, झटके थांबवायची औषधं आणि ती वापरता येणारा भूलतज्ज्ञ जिथे नाही, तिथे हे इंजेक्शन घ्यायचंच नाही. एका खोलीच्या दवाखान्यात तर नाहीच नाही.

तिसरी. इंजेक्शन कुणाला हवंय? मागच्या वर्षी आमच्या केंद्रात एक बैठक झाली. मुलगी माहेरी आलेली, तक्रार दाखल झालेली. सासरची माणसं समजुतीला आली. त्यांतल्या एका शिकलेल्या काकांनी मोबाईल पुढे केला. म्हणाले, "डॉक्टरबाई, हिच्या डोक्यातली भीती काढायला आता इंजेक्शन आहे. खर्च आम्ही करतो. इंजेक्शन द्या, केस मागे घ्या, मुलगी नांदायला पाठवा." मी विचारलं, "आणि मारणाऱ्याला कुठलं इंजेक्शन द्यायचं?" ते गप्प झाले. मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली. "काका, माझ्या डोक्यात भीती तुम्ही घातलीत. ती माझ्या मानेत शोधू नका."

तिचं वाक्य मी जसंच्या तसं तुम्हाला दिलंय. यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

पण मैत्रिणींनो, इथेच थांबले तर मी अर्धंच बोलले असं होईल. कारण दुसरीही एक बाई माझ्यासमोर बसली होती. ती म्हणाली, "ताई, मला आता कुणाशीच बोलायचं नाही. पोलिसांना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, वकिलाला सांगितलं, कोर्टात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही समुपदेशनवाल्या पण म्हणता, बोल. बोलून बोलून माझं तोंड कडू झालं. एक सुई असेल तर द्या, मला झोप हवी."

या बाईला मी काय सांगू? आघात म्हणजे राजकारण, आघात म्हणजे पितृसत्ता, असं भाषण? ते खरं आहे, पण तिला आज रात्री झोप हवी आहे. या इंजेक्शनचं खरं आकर्षण हेच आहे की त्यात काही सांगावं लागत नाही. लिपोव्ह आणि इतर काही डॉक्टर म्हणतात, याला विकार म्हणूच नका, इजा म्हणा. हात मोडला तर कुणी लाजत नाही, मग ही नस दुखावली म्हणून का लाजायचं? आमच्या बायकांना हे ऐकून बरं वाटतं. 'वेडी' या शब्दाने त्यांना इतकं छळलेलं असतं की "तुझ्या शरीरातली घंटा अडकली आहे" हे वाक्य औषधासारखं लागू पडतं. हा दिलासा मी हिसकावून घेणार नाही. फक्त एवढंच म्हणते, इजा म्हटली की करणाराही आला. हात आपोआप मोडत नाही.

त्या बाईला मी सगळं सांगितलं, तुम्हाला आता सांगितलं तेवढंच. मग तिला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. सर्ट्रालीन नावाची गोळी सुरू झाली. ती पीटीएसडीसाठी तपासलेली, स्वस्त आणि आपल्याकडे सहज मिळणारी गोळी आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे तिला आधीच सांगितलं होतं. दोन महिन्यांनी ती सलग पाच तास झोपायला लागली. इंजेक्शनचा विचार तिने सोडलेला नाही, बाजूला ठेवलाय. "पुढे पुरावा आला तर मला सांगा," म्हणाली. निर्णय तिचा आहे आणि तिच्याकडेच आहे.

इथे एक सावधगिरी. झोपेच्या आणि धास्तीच्या म्हणून अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. वर सांगितलेल्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी त्या वापरू नयेत असंच म्हटलंय. त्यांची सवय लागते. कुणी घेत असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आणि इंजेक्शन हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूला बायकांना नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन देण्याचं शिबिर भरलं होतं. हा प्रयोग आहे हे बायकांना सांगितलेलंच नव्हतं. स्त्रीशक्ती संघटना, सहेली अशा गटांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली, सोयीचं पडावं म्हणून. २०१९ साली बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांसाठी सरकारला समिती नेमावी लागली. बाईचं दुखणं मोठं, वेळ थोडा, पैसा मिळण्यासारखा, अशा ठिकाणी झटपट उपाय आधी पोचतो आणि माहिती मागाहून. आपण विज्ञानाच्या विरुद्ध कधीच नव्हतो. न विचारता वापरलं जाण्याच्या विरुद्ध होतो.

म्हणून कुणी हे इंजेक्शन सुचवलं तर विचारायचे प्रश्न वहीत लिहून घ्या.

एक. हा उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर नीतिसमितीची परवानगी दाखवा, नोंदणी क्रमांक द्या, आणि प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घेऊ नका.

दोन. बोलण्याचे उपचार आणि तपासलेल्या गोळ्या आधी देऊन पाहिल्या का?

तीन. सोनोग्राफी, ऑक्सिजन, मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ आहे का? अशी किती इंजेक्शनं आतापर्यंत दिलीत?

चार. मानसोपचारतज्ज्ञ यात आहे का? नुसती सुई देऊन घरी पाठवणार असाल तर नको.

पाच. बाईशी एकटीशी, घरचे बाहेर बसवून, कोण बोललं? तिने काय विचारलं?

सहा. परिणाम ओसरला तर पुढे काय, आणि खर्च कोण करणार?

आणि सातवा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा: ती आज सुरक्षित आहे का?

कायदा आपल्या बाजूला आहे, तो वापरा. २०१३ पासून बलात्काराच्या प्रकरणात सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याला तातडीने मोफत उपचार द्यावेच लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिलाय. उपचाराची माहिती मिळण्याचा आणि माहितीनिशी संमती देण्याचा हक्कही त्यात आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो भिंतीवर लावा. आणि दवाखान्यातच बाईला आधार मिळू शकतो हे मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्राने दाखवून दिलंय. हे केंद्र या शतकाच्या सुरुवातीला महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून उभं केलं. बाई हाड मोडलं म्हणून येते, आणि ते कसं मोडलं हे विचारणारं माणूस तिथे असतं.

मला विचाराल तर मी या इंजेक्शनचं दार बंद करणार नाही. चांगले प्रयोग व्हावेत, त्यांत बायका निम्म्याहून जास्त असाव्यात, त्यांना काय बरं वाटलं ते त्यांच्याच तोंडून नोंदवलं जावं. उद्या सिद्ध झालं की हे चालतं, तर जिल्हा रुग्णालयात ते फुकट मिळावं म्हणून आपणच मोर्चा काढू. भुलीचं औषध स्वस्त आहे. महाग आहे ते शिकलेलं माणूस, आणि बाईचं ऐकून घेणारा अर्धा तास.

तो अर्धा तास मिळवायचं काम आपलं. परत गेल्यावर प्रत्येक गटाने एवढं करावं: आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, बाईशी एकांतात बोलायला खोली आहे का, सर्ट्रालीनसारख्या गोळ्या दुकानातून आणायला सांगतात की तिथेच मिळतात, ते लिहून आणा. पुढच्या अंकाआधी सगळ्या जिल्ह्यांचं एकत्र करू आणि आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवू.

आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर नको वाटतं, त्यांनी चहाच्या वेळी मला बाजूला घ्या.